विहीर आटली, असं म्हणण्याआधी



ईस्टर होऊन गेला की आमच्या जोयडा तालुक्यात मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एकच विषय निघतो. कोणाच्या विहिरीला किती पाणी उरलंय? बाहेरून आलेल्या पाहुण्यांना नवल वाटतं. एवढं जंगल, एवढा पाऊस, आणि पाण्याची चिंता? काळी नदी आपल्याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. सुप्याला तिच्यावर १०१ मीटर उंचीचं धरण आहे. त्याच्या पायथ्याच्या वीजघराची क्षमता १०० मेगावॉट आहे. तरी वाडीवस्तीवरचं घर आपापल्या विहिरीवरच जगतं. धरण उशाला आणि कोरड घशाला, असं म्हणतात ते उगाच नाही.

कारण जमिनीत आहे. जांभा दगड भोकाभोकांचा. पावसाळ्यात तो पाणी भराभर पितो आणि पुढे तितक्याच लवकर उताराला सोडून देतो. ऑगस्टमध्ये तांब्या बुडवावा इतकी वर आलेली विहीर मे महिन्यात खाली खाली जाते. त्यात एखाद्या सकाळी बटण दाबलं आणि नळाला पाणी आलं नाही, की घरातल्या कोणाच्या तरी तोंडून पहिलं वाक्य निघतं, "संपलं. विहीर आटली."

आज या वाक्याविषयीच थोडं लिहायचं आहे.

आम्ही म्हणजे या धर्मग्रामात रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारे नवराबायको. दोघांचंही शिक्षण कलाशाखेचं. मोटर आणि व्हॉल्व्ह हा काही आमचा अभ्यासाचा विषय नव्हे. पण आमच्या भागात पंपवाला मिस्त्री रामनगरहून, नाहीतर दांडेलीहून यायचा. एप्रिलमध्ये त्याला इतक्या घरांतून बोलावणं असतं, की तो आज येतो म्हणाला तर चार दिवसांनी उगवतो. तोवर घरात माणसं असतात, गुरं असतात. म्हणून तो आला की शेजारी उभं राहून बघायचं, विचारायचं, पाना धरायचा, असं करत करत थोडं शिकलो. आता धर्मशिक्षणाच्या वहीबरोबर आमच्या पिशवीत टेस्टर, पाना आणि टेफ्लॉन टेपही असते.

मिस्त्रीने आम्हाला सगळ्यात आधी एक शिस्त शिकवली. पाणी थांबलं की विहिरीपासून सुरुवात करायची नाही. हाताजवळच्या गोष्टीपासून करायची आणि एकेक पायरी खाली उतरायचं.

पहिली पायरी विजेची. घरातला दिवा लागतो का? लागत असेल तर मंद आहे का? आमच्याकडे वस्ती लांब, तारा लांब, झाडं तारांवर पडणारी. २३० व्होल्टच्या जागी १७०-१८० आले की दिवा लागतो, पण मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही. अशा वेळी बटण ताबडतोब बंद करायचं, नाहीतर वाइंडिंग जळतं. दाब नीट असूनही मोटर हुंकारत असेल तर दोन शक्यता. एक तर कपॅसिटर गेला, ज्याला आमचा वायरमन अजून कंडेन्सरच म्हणतो. नाहीतर बरेच दिवस बंद राहून पंप आतून गंजाने धरला. मेन स्विच बंद करून मागचा पंखा हाताने फिरवून बघितला की हे कळतं.

दुसरी पायरी. मोटर छान फिरते, आवाज नेहमीचा नाही, पोकळ येतो, आणि पाणी नाही. याचा अर्थ पंपात पाण्याऐवजी हवा आहे. आता ओतायच्या तोंडातून पाणी ओतून बघायचं. ओतलेलं पाणी वर टिकलं नाही, गुडगुड करत खाली निघून गेलं, तर दोष पाइपच्या तळाच्या फूटवॉल्व्हमध्ये. आपले लोक त्याला सरळ फुटबॉल म्हणतात. त्याचं काम एवढंच, की वर चढलेलं पाणी परत विहिरीत जाऊ द्यायचं नाही. त्याच्या झडपेखाली एक खडा अडकला, वॉशर झिजला, की रात्रभरात पाइप रिकामा.

तिसरी पायरी सगळ्यात फसवी. पाणी ओतलं, ते टिकलं, बटण दाबलं, थोडं पाणी आलं आणि पुन्हा बंद. बहुधा विहिरीपासून पंपापर्यंतच्या पाइपला कुठेतरी केसाएवढी चीर असते. पण पाइप कोरडा! थेंबही गळत नाही. गळणार कसा? पंप चालू असताना त्या चिरेतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. ती हवा डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्री प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावतो आणि फेस कुठे आत ओढला जातो ते बघतो. काही वेळा ओलं फडकं गुंडाळतो, आणि फडकं गुंडाळल्यावर पाणी चढलं की म्हणतो, "हाच तो."

चौथी पायरी म्हणजे विहिरीत डोकावणं. पाणी खरंच किती खाली गेलंय? आणि इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आम्हाला फार आवडते.

पंप पाणी ओढतो, असं आपण सगळे म्हणतो. ते खरं नाही. इटलीत सतराव्या शतकात पंप बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं, की कितीही चांगला पंप केला तरी सुमारे १० मीटरच्या वर पाणी चढत नाही. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात या कोड्याचा उल्लेख केला. उत्तर सापडलं ते टोरिचेलीला. तो बेनेदेत्तो कास्तेल्ली या बेनेडिक्टाइन संन्याशाचा विद्यार्थी. १६४३-४४ च्या सुमारास त्याने काचेच्या नळीत पारा भरून दाखवून दिलं, की पारा किंवा पाणी वर चढतं ते आपल्या डोक्यावर असलेल्या हवेच्या वजनाने. पंप फक्त आत जागा रिकामी करतो. विहिरीच्या पाण्यावर हवा सतत दाबत असते. तिला वाट मिळाली की तीच पाणी वर ढकलते. हवेचं वजन जेवढं, तेवढंच पाणी चढणार. प्रत्यक्षात घरचा पंप वर बसवलेला असेल तर ७ मीटर, म्हणजे २२-२३ फूट, एवढाच भरवसा धरायचा. आपण घाटमाथ्यावर राहतो, त्यामुळे समुद्रकाठापेक्षा थोडं कमीच.

म्हणून मे महिन्यात विहिरीत पाणी असूनही पंप ते उचलत नाही. विहीर आटलेली नसते, पाणी फक्त हवेच्या हातापलीकडे गेलेलं असतं. अशा वेळी पंप विहिरीतल्या कट्ट्यावर खाली उतरवावा लागतो. मशीन जाग्यावर ठेवून पाण्याला वर बोलावता येत नाही. आपल्यालाच पाण्याकडे उतरावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी एका मावशींच्या घरून निरोप आला. नाव लिहीत नाही. रामनगरच्या बाजूची वस्ती. त्यांच्या सासऱ्यांचं घर आणि विहीर सुपा गावाबरोबर धरणाच्या पाण्याखाली गेली. इथे आल्यावर नवऱ्याने नवी विहीर खणली. पुढे मुलाने त्यात पंप बसवला, उन्हाळ्यासाठी १५ फुटांवर चिऱ्यांचा कट्टा बांधला. तो मुलगा मागच्या पावसाळ्यात अपघातात गेला. पंप कसा चालतो, कुठला कॉक आधी उघडायचा, हे सगळं त्याच्या एकट्याच्या हाताला ठाऊक होतं.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी बंद होऊन सहा दिवस झाले होते. मावशी आणि त्यांची तेरा वर्षांची नात लांबच्या झऱ्यावरून घागरी आणत होत्या. मावशींनी ठरवून टाकलं होतं. विहीर आटली. पाटल्या गहाण ठेवून बोअर मारायची. बोअरवाल्याशी बोलणंही झालं होतं. चहा देताना त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याने खणलेलं नव्हतं, पण पाणी त्याच्यामुळेच होतं. तो गेला, पाणी गेलं. देवाला काय द्यायचं, काय न्यायचं, ते तोच बघतो."

अशा बोलण्याला उत्तर नसतं. धर्मशिक्षक म्हणून काहीतरी सांगावं असं लोकांना वाटतं, पण आम्ही गप्प राहिलो. चहा संपवला आणि नातीला म्हटलं, "चल बाय, आधी दिवा लागतो का बघू."

दिवा लागत होता. मोटर फिरत होती, आवाज पोकळ. कट्ट्यावरून बघितलं तर पाणी पंपाखाली जेमतेम १२ फुटांवर, स्वच्छ, वर आभाळाचा तुकडा दिसत होता. विहीर आटलेली नव्हतीच. तोंडातून पाणी ओतलं तर गुडगुडत खाली. मग मेन स्विच काढला, कमरेला दोर बांधले, शेजारच्या दोघांना वर उभं केलं आणि काळा पाइप वर ओढला. पितळी फूटवॉल्व्हच्या जाळीला शेवाळ चढलेलं, आणि झडपेखाली सागाच्या पानाचा देठ आडवा अडकलेला. सागाची पानगळ, उघडी विहीर. एवढंच. नातीने जुन्या टूथब्रशने जाळी घासली. वॉशर कडक झाला होता, तो रामनगरच्या दुकानातून नवा आणला. पाइप परत सोडला, अडीच बादल्या पाणी ओतलं. बुडबुडे थांबेपर्यंत ओतायचं, हे तिला दाखवलं. बटण तिनेच दाबलं.

पाणी येतंय हे आधी हाताला कळतं. तापलेला पाइप एकदम गार होतो. मग नळ थुंकतो, लालसर पाणी येतं, आणि मग स्वच्छ धार लागते. मावशी धारेखाली हात धरून उभ्या राहिल्या आणि रडल्या. पाण्यासाठी नव्हे. मुलगा गेल्यानंतर त्या अशा रडल्याच नव्हत्या, असं नात नंतर म्हणाली.

विहीर म्हटली की आपल्याला याकोबाच्या विहिरीवरची शोमरोनी स्त्री आठवते. त्या घरातून परतताना आम्हाला मात्र इसहाक आठवला. उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात त्याची गोष्ट आहे. अब्राहामाने खणलेल्या विहिरी त्याच्या मृत्यूनंतर पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या, आणि बापाने दिलेली नावंच त्यांना पुन्हा दिली. नंतर त्याच्या चाकरांनी नव्याही खणल्या. दोन विहिरींवरून भांडणं झाली, म्हणून त्यांची नावं एसेक आणि सितना. तिसरीवर भांडण झालं नाही, तिचं नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. पण आधी त्याने जुन्या उकरल्या. बाप गेला म्हणून पाणी गेलं, असं त्याने मानलं नाही. माती काढली, खाली पाणी होतंच.

इथे मुलाच्या जागी आई होती, आणि मातीच्या जागी सागाचा देठ.

आम्ही दोघं दर वर्षी प्रायश्चित्तकाळात मुलांना प्रार्थनेविषयी शिकवतो. मोठी माणसंही येऊन बसतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "पूर्वी रोझरी म्हणताना बरं वाटायचं, आता काहीच वाटत नाही. देव ऐकतो की नाही?" म्हणजे तेच वाक्य, विहीर आटली. आम्ही पायऱ्या सांगतो, मिस्त्रीच्या शिस्तीने. झोप पुरती होते का? शरीर थकलेलं असेल तर मन नुसतं हुंकारतं, फिरत नाही. घरात कोणाशी अबोला आहे का? तो साबणाच्या फेसाने शोधावा लागणारा जोड आहे. तिथून बाहेर काही गळत नाही, त्यामुळे कोणाला दिसत नाही, पण आत हवा शिरत राहते. रात्रीची छोटी प्रार्थना सुटली आहे का? दिवसभरात जे थोडं वर चढलं ते सकाळपर्यंत धरून ठेवणारी झडप तीच असते. पापनिवेदनाला जाऊन किती महिने झाले?

आणि एक फार मोठा दिलासा टोरिचेलीच्या नळीत आहे. आपण प्रार्थनेने देवाची कृपा ओढून आणत नाही. ओढायची ताकद आपल्यात नाहीच. कृपेचा दाब आपल्यावर सतत आहे, हवेसारखा, न दिसणारा. आपल्याला करायचं ते एवढंच, की आत थोडी जागा रिकामी ठेवायची. जास्त जोराने ओढलं म्हणून जास्त पाणी येत नाही. कोरडा पंप जोरात चालवला तर फक्त सील जळतं. आधी पंप भरावा लागतो. म्हणून मन कोरडं असेल तेव्हा स्वतःच्या शब्दांची वाट बघू नका. चर्चने दिलेली, आजीने शिकवलेली जुनी प्रार्थना ओता. ती आपली नसते, हे खरं. पंपात ओतलेलं पाणीही दुसऱ्या बादलीतलंच असतं.

पण इथे थांबून एक सांगायला हवं. माणूस म्हणजे पंप नव्हे. दुःखातल्या माणसापुढे बसून त्याच्या श्रद्धेतली चीर शोधू नये. सगळे जोड घट्ट आहेत, झडप नवी आहे, वीज आहे, आणि तरीही पाणी येत नाही, असंही होतं. आविलाच्या संत तेरेसाने सोळाव्या शतकात आपल्या आत्मचरित्रात प्रार्थनेला बागेचं शिंपण म्हटलं आणि त्याचे चार प्रकार सांगितले. विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढणं, रहाटाने काढणं, ओढ्याचं पाणी वळवणं, आणि शेवटी पाऊस, ज्यात माळ्याला काहीच करावं लागत नाही. पहिल्या प्रकारात कष्ट सगळ्यात जास्त. त्यातही कधी पोहरा सोडला तर रिकामाच वर येतो, हे तिने मान्य केलं आहे. अशा माळ्याला तिने दोष दिलेला नाही. त्याने आपलं काम करत राहावं, पाण्यावाचूनही देव फुलं जगवतो, असा तिचा विश्वास. तिच्या या चार पाण्यांतलं आम्हाला तरी पहिलंच पाणी ओळखीचं आहे.

मावशींच्या नळाला पाणी आलं. त्यांचा मुलगा आला नाही. त्या पुढचे कितीतरी रविवार मिस्सेला आल्या नाहीत, आणि कोणी विचारलं तर आम्ही सांगायचो, "त्यांची विहीर आहे, पाणी खाली गेलंय. पावसापर्यंत धीर धरा." आमच्यातल्या दोन बायका दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊन नुसत्या बसायच्या. कोणी उपदेश केला नाही. पंप खाली कट्ट्यावर उतरवावा, तसं. मावशी आता येतात, कधी येतात, कधी नाही. नात मात्र दर रविवारी येते, आणि वस्तीवर कोणाचं पाणी थांबलं की आधी तिला बोलावतात.

या उन्हाळ्यासाठी थोडक्यात. पाणी बंद झालं तर आधी दिवा बघा, मग आवाज ऐका, मग पाणी ओतून बघा, मग जोड, आणि शेवटी विहीर. उघड्या विहिरीवर जाळी टाका. विहिरीत एकट्याने कधीच उतरू नका. खाली हवा वाईट असू शकते, कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. डिझेलचं इंजिन विहिरीच्या आत चालवू नका, त्याच्या धुराने माणसं मरतात. आणि पंपाचं जे काही घरात एकालाच ठाऊक आहे, ते आजच दुसऱ्याला शिकवा. मुलीलासुद्धा.

प्रार्थना करू या.

हे प्रभू, तू आमच्या जमिनीखाली पाणी ठेवलंस आणि आमच्यावर न दिसणारी कृपा. पाणी थांबलं की लगेच तुला दोष देण्याची आम्हाला घाई होऊ देऊ नकोस. शोधायला धीर दे, उतरायला दोर धरणारी माणसं दे. ज्यांच्या घरात आज एक जागा रिकामी आहे त्यांच्याजवळ बसायला आम्हाला शिकव. आणि पोहरा रिकामा वर आला, तरी उद्या तो पुन्हा सोडण्याचं बळ दे. आमेन.